तिसऱ्या देशाची वही

आधीच माफी मागते. या वहीची सुरुवातीची पानं ज्यांनी लिहिली त्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे, आणि त्यामागून आता हे माझं, कोंबडीने माती उकरल्यासारखं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही जमलं नव्हतं. शाळेतल्या बाईंनी एकदा माझी पाटी उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवली, तेव्हापासून लिहायचं म्हटलं की हात आखडतो. पण या वहीत शेवटची एक नोंद मलाच करायची आहे. ती दोन ओळींची आहे आणि पानं बरीच उरली आहेत, म्हणून आधी साहेबांबद्दल लिहिते.

साहेबांचं नाव लिहीत नाही, देशाचंही नाही. घरातलं बाहेर सांगायचं नाही, असं मी कामाला लागले तेव्हा कबूल केलं होतं. एवढं सांगते की ते युरोपच्या खालच्या अंगाच्या, बाल्कन म्हणतात त्या डोंगराळ मुलखातले. शेजारचे साहेब दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाचे. दोन्ही देश मला साहेबांनीच नकाशात बोट ठेवून दाखवले. मध्ये एवढा समुद्र, आणि इथे कुवेतमध्ये सल्वा नावाच्या वस्तीत दोघांच्या घरांत फक्त एक भिंत.

मी आले तेव्हा साहेबांच्या एम्बसीत सहा माणसं होती. खर्च कमी करायचा म्हणून त्यांच्या सरकारने एकेकाला परत बोलावलं आणि शेवटी साहेब एकटे उरले. खालच्या मजल्यावर एम्बसी, वर राहायची जागा. सकाळी आठला टाय लावून ते जिना उतरायचे आणि दुपारी दोनला जिना चढून घरी यायचे. आले की मला विचारायचे, "महोदया, आज का दिन कैसा रहा?" मी दिवसभर त्याच घरात असे. माझ्या भांड्यांचा आवाज त्यांना खाली ऐकू जात असे. तरी रोज विचारायचे आणि मी रोज सांगायचे, "ठीक था साहेब."

त्यांची हिंदी पुस्तकातली. तरुणपणी आपल्या देशातल्या विद्यापीठात शिकले होते, की सरकार भारतात पाठवील. सरकारने बाकी सगळीकडे पाठवलं, भारतात कधीच नाही. तीस वर्षं त्यांच्या हिंदीला माणूस मिळालं नव्हतं, मग मी मिळाले. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले, "क्षमा कीजिए महोदया, क्या मुझे रसोई में प्रवेश की अनुमति है?" मी घाबरले, हातातली पळी खाली पडली. घर त्यांचं, गॅस त्यांचा, आणि परवानगी माझी. पण पुढे कधीही विचारल्याशिवाय आत आले नाहीत. एकदाच आले, ते पुढे सांगते. ते बोलायचे ते इथून मी माझ्या भाषेत लिहिते, नाहीतर माझ्या अक्षरात ती हिंदी मरेल.

झेंड्याला माझी इस्त्री चालत नसे. ते स्वतः करायचे, कोट घालून. धुळीचं वादळ यायचं असलं की गच्चीवर धावत जाऊन झेंडा उतरवायचे आणि त्याच्याशी आपल्या भाषेत काही बोलायचे. बहुतेक माफी मागत असावेत. थंडी सुरू झाली की त्याच गच्चीवर शेगडी पेटवून पन्नास-साठ लाल ढोबळ्या मिरच्या भाजायचे. साली काढून, वाटून बरण्या भरायच्या. ते काम त्यांच्या आईकडून आलेलं, त्यात मला हात लावू देत नसत. मी फक्त बरण्या पुसायच्या.

आणि गुरुवार. दर गुरुवारी बारा खुर्च्यांच्या टेबलावर पांढरी चादर घालायची, बारा ताटं मांडायची. साहेब एकेका ताटापुढे चिठ्ठी ठेवायचे, कुठल्या देशाचा माणूस कुठे बसेल ती. मग उभे राहून विचार करायचे आणि चिठ्ठ्या बदलायचे. "नाही महोदया, हे दोघे शेजारी चालणार नाहीत. यांच्या आजोबांनी त्यांचा पूल उडवला होता." पाहुणे कुणीच येणार नसत. पाहुण्यांना बोलवायला सरकार पैसे देत नव्हतं. पण हात बसलेला राहिला पाहिजे, असं ते म्हणायचे. मग टोकाच्या खुर्चीवर बसून एकटे सूप प्यायचे आणि मी अकरा कोरी ताटं परत कपाटात ठेवायचे.

त्यांच्या उजव्या हाताच्या खुर्चीपुढे मात्र कधीच चिठ्ठी नसे. ताट असे, चिठ्ठी नसे. वर्षभराने धीर करून मी विचारलं, "साहेब, इथे कोण?"

"इथे ज्याला बसवायचं त्याला बसवायची मनाई आहे," म्हणाले.

मग हळूहळू कळलं. साहेब आणि शेजारचे साहेब तरुण असताना तिसऱ्याच एका शहरात दोघांची नेमणूक होती. तेव्हा साहेबांच्या देशात मोडतोड चालली होती, बँका बंद, पगार नाही. अशात साहेबांचे वडील वारले. तिकिटाचे पैसे या मित्राने दिले. आजच्या हिशोबाने दोनशे चाळीस दिनार. पुढे साहेबांचे पगार सुरू झाले, पण मित्र पैसे घेईना. भेट झाली की साहेब पाकीट काढायचे आणि निघताना ते त्यांच्याच कोटाच्या खिशात सापडायचं. वीस-पंचवीस वर्षं हीच मस्करी. मग दोघेही कुवेतला आले. साहेबांनी मुद्दाम मित्राच्या भिंतीला लागून घर घेतलं. सहा महिने रोज एकमेकांकडे जेवले.

आणि मग कुठल्याशा मोठ्या सभेत एका देशाने मत द्यायला हात वर केला तो दुसऱ्याला लागला. एकमेकांच्या देशातले राजदूत परत बोलावले, संबंध तुटले. दोघांनाही आपापल्या सरकारचा कागद आला: भेटायचं नाही, बोलायचं नाही, आमंत्रण द्यायचं नाही, घ्यायचं नाही. दुसरा कुणी असता तर भिंतीवरून हळूच बोलला असता. कोण बघणार होतं? पण साहेबांनी कागदावर सही केली होती आणि शेजारच्यांनीही. दोघे सारखेच.

संध्याकाळी पाच वाजता साहेब अंगणात झाडांना पाणी घालायचे. त्याच वेळी पलीकडेही नळी सुरू झाल्याचा आवाज यायचा. साहेब एकदा खोकायचे. थोड्या वेळाने पलीकडून खोकला यायचा. एवढं झालं की साहेब नळ बंद करून आत यायचे. मी चार वर्षं हे ऐकलं. एकाही दिवशी कुणी दोनदा खोकलं नाही.

आता माझी चूक.

शेजारच्या देशाचा राष्ट्रीय सण होता. त्यांनी गल्लीतल्या सगळ्या घरांत गोड वाटलं, आणि एकच घर कसं वगळणार, म्हणून आमच्याकडेही आलं. घेऊन आली ती त्यांची स्वयंपाकीण फिलू, गोव्याची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तोंडाने फटकळ. निळ्या काठाचं खोलगट भांडं, त्यात दुधाचा तपकिरी घट्ट खवा, चमच्याने खायचा. साहेबांनी भांड्याकडे बघितलं, चेहरा एकदम कागदासारखा केला आणि म्हणाले, "महोदया, याची दखल घेता येणार नाही. भांडं परत करावं."

मी खवा बरणीत काढला, भांडं घासलं. पण ते हातात घेऊन दारापर्यंत गेले आणि पाय पुढे जाईना. आमच्या कोकणात खाडीकाठी शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर, पण रिकामं नाही. अम्मीने आम्हा पोरींना हे चालायला शिकवलं तेव्हाच शिकवलं असेल. त्या दिवशी मी तांदळाची सांदणं वाफवली होती. पीठ आंबवायला माडाची माडी इथे कुठली, यीस्ट घालून फुगवलेली. आठ सांदणं भांड्यात ठेवली, वर फडकं झाकलं आणि साहेबांना न सांगता देऊन आले.

तिसऱ्या दिवशी भांडं परत आलं. आत करंजीसारखं काहीतरी, खिम्याचं.

"हलाल आहे ना?" मी फिलूला विचारलं.

"गो, कुवेतात डुक्कर खंय मेळटा? तुका मेळ्ळें जाल्यार म्हाका सांग, हांव पयली येतां!" म्हणजे मिळालं तर तीच पहिली खायला येणार. आपल्याच बोलण्यावर हसली. तिची कोकणी वेगळी, आमची वेगळी, पण भांड्यात काय आहे ते दोघींना कळायचं.

मी घावणे दिले. तिने भोपळ्याचं गोड दिलं. मी नारळाच्या वड्या दिल्या. असे दोन महिने गेले. साहेब मुकाट खात होते. मला वाटलं, त्यांना कळत नाही. एके सकाळी पावाला तो तपकिरी खवा लावताना त्यांचा हात थांबला. "महोदया, हा पदार्थ तुमच्या गावचा नव्हे."

माझा व्हिसा साहेबांच्या नावावर. त्यांनी काढलं तर परत जायचं, आणि गावाला माझी मुलगी भावजयीकडे, तिची शाळा माझ्या पगारावर. मी सगळं सांगितलं, रडत. साहेब उठून खाली गेले. मी मनात बॅगा भरल्या. दहा मिनिटांनी वर आले ते ही वही घेऊन.

"सुरुवात कुणी केली?" त्यांनी विचारलं.

"त्यांनी."

"मग उत्तर देणं भाग होतं. तारखा सांगा. काय आलं, काय गेलं, नग किती?"

पहिल्या पानावर अजून आहे: सांदणं, नग आठ. मग पेनाला टोपण लावून साहेब म्हणाले की दोन देशांचं बोलणं बंद झालं की जगाची एक रीत आहे. तिसरा देश मध्ये उभा राहतो. याचं काम त्याच्याकडे नेतो, त्याचं याच्याकडे आणतो आणि कुणाची बाजू घेत नाही. "माझा आणि त्यांचा संबंध तुटला आहे. पण महोदया, तुमच्या गावाचा त्यांच्याशी तुटलेला नाही."

"साहेब, गाव म्हणजे देश नाही. दीडशे घरं आहेत आणि एक मशीद."

"लोकसंख्येने काही फरक पडत नाही," म्हणाले आणि वहीच्या पुठ्ठ्यावर माझ्या गावाचं नाव लिहिलं, देवनागरीत. माझ्याहून सुरेख.

शुक्रवारी सुट्टीला मी रफीकभाईकडे गेले. तो माझा चुलतभाऊ, मीना अल-अहमदीला रिफायनरीत पहाड, म्हणजे उंचावर कामाला चढायचे सांगाडे, बांधायचं काम करतो. त्याला सांगितलं तर हसून लोळला. "म्हणजे तू आता राजदूत? मग माझ्या अकाम्यावर एक सही ठोक की गो!" अकामा म्हणजे इथला राहायचा परवाना. मी कुणाला सांगितलं ते एवढंच. पण खरं लिहिते, सोमवारी भांडं घेऊन निघाले तेव्हा ओढणी नीट केली होती.

पुढच्या वर्षी साहेबांची निवृत्ती आली. देश सोडताना त्यांना एक कागद भरायचा असे: या देशात मी कुणाचंही काही देणं लागत नाही, खाली सही. पाच देशांत त्यांनी ती सही केली होती आणि पाचही वेळा खरी; उसनवारीच्या त्या शहरातून मित्र त्यांच्या आधीच बदलून गेला होता. इथे ज्याचं देणं होतं तो भिंतीपलीकडेच होता. साहेबांची झोप उडाली. जेवण कमी झालं. दोनशे चाळीस दिनार ही त्यांना मोठी रक्कम नव्हती, पण खोटी सही त्यांच्याने होणार नव्हती.

एक दिवस मी सांदणं भरत होते तर साहेब परवानगी घेऊन आत आले आणि तळाशी ठेवायला चंदेरी कागदात गुंडाळलेलं पाकीट दिलं. दोन दिवसांनी पाकीट परत आलं, खिम्याच्या करंज्यांखाली, तुपकट होऊन. फिलू म्हणाली, "माझ्या साहेबाने ते हुंगलं. म्हणाला, याला नारळाचा वास येतो, पैशाचा येत नाही, परत दे." पुन्हा पाठवलं, पुन्हा आलं. सहा वेळा. वहीत सहाही वेळा लिहिलं आहे: पाकीट, नग एक. पाकीट, नग एक. शेजारच्यांच्या घरी कुणी लिहीत नसेल, पण मला वाटतं त्यांनाही पाठ होतं.

सातव्यांदा मी फिलूला दारातच धरलं. "अगं, घ्यायला सांग ना. माझ्या साहेबांचा जीव अडकलाय त्यात."

"तुजो साहेब पिसो," ती म्हणाली. पिसो म्हणजे वेडा. मग आवाज खाली आला. "आमचोय पिसो. मी पण हेंच विचारलं. म्हणाला, फिलू, पैसे घेतले की संपलं. मग पाच वाजता त्याने कशाला खोकायचं?"

हे साहेबांना सांगावं की नाही यात माझे तीन दिवस गेले. मी आपण होऊन त्यांच्याशी कधी बोलत नसे. तिसऱ्या देशाने बाजू घ्यायची नसते, पण निरोप तर न्यायचा असतो. चौथ्या दिवशी ताट वाढताना, ताटाकडे बघत, जसंच्या तसं सांगितलं. मी स्वयंपाकघरात आले. थोड्या वेळाने साहेब आत आले, न विचारता, आणि भाज्या चिरायच्या माझ्या स्टुलावर बसून राहिले. मी तांदूळ निवडत राहिले. निवडलेलेच परत निवडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर पाकिटातला एक दिनार काढला. दोनशे एकोणचाळीस भांड्यात गेले, सोबत दोन ओळींची चिठ्ठी, ती काय होती मला माहीत नाही. भांडं परत आलं. खवा होता. पाकीट नव्हतं. साहेबांनी चमचा घालून तळापर्यंत पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले. एक दिनार राहिला होता, म्हणून मित्राने बाकीचे घेतले होते.

शेवटच्या गुरुवारी बाराही ताटं मांडली. चिठ्ठ्या लावून झाल्यावर साहेबांनी खिशातून आणखी एक काढली आणि उजव्या हाताच्या खुर्चीपुढे ठेवली. माझ्या गावाचं नाव होतं. खुर्ची मागे ओढून ते उभे राहिले. "महोदया."

मी बसले नाही. मला लाज वाटली. हातात सुपाचा डाव होता, अंगावर कामाचे कपडे. मी नुसती मान हलवत राहिले. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग खुर्ची हळूच आत सरकवली आणि आपल्या जागी जाऊन सूप प्यायले. मला बसायला हवं होतं. पाच मिनिटं तरी. हे मी इथेच लिहिते आहे, कुणाला बोलले नाही.

जेवणानंतर त्यांनी तो एक दिनार आणि ही वही माझ्या हातात दिली. "मी तिसऱ्या देशाकडे दिला, म्हणजे माझ्याकडून गेला. माझी सही खरी. त्यांना पोचला नाही, म्हणजे त्यांचं येणं राहिलंच आहे." असं म्हणताना डोळे चमकत होते. सगळी हयात जे शिकले ते त्या एका नोटेत वापरलं. "आमचे दोन देश पुन्हा बोलू लागले की तेव्हा द्या."

"दिला की तुम्हाला कळवते, साहेब."

"नको. मला कळवू नका. माझ्या बाजूने तो राहू दे."

सकाळी झेंडा उतरवून त्याची घडी घातली. टॅक्सी उभी होती. साहेब अंगणात गेले. पाणी घातलं नाही, नुसते भिंतीशी उभे राहून खोकले. सकाळची आठची वेळ, पाचची नव्हे. तरी पलीकडून लगेच उत्तर आलं, जणू कुणी तिथेच उभं होतं. साहेब पुन्हा एकदा खोकले. दोनदा, पहिल्यांदाच. मग गेले.

त्यांनी मला कुवेतमध्येच एगैलाला एका शिक्षिकेच्या घरी लावून दिलं होतं. चांगली माणसं आहेत. मुलं इंग्रजीत बोलतात, मला "आज का दिन कैसा रहा" कुणी विचारत नाही. ईदला साहेबांचं कार्ड येई, हिंदीत, महोदया म्हणून. वही कपड्यांखाली होती, नोट वहीत. निळ्या काठाचं भांडंही माझ्याकडेच राहिलं होतं, शेवटची पाळी आमची होती म्हणून.

अडीच वर्षांनी फिलूचा फोन आला. "सुरू झालें गो! हात मिळवले, पेपरात फोटो आयलो. आणि आयक, आमचो साहेब चल्लो. बदली. हांवूय घरा वतां, गोंयां."

मी फोन ठेवला आणि कपड्यांखालून वही काढली. दोन देशांचं जुळलं, म्हणून हा दिनार द्यायचा. आणि हा दिला की त्या दोघांत काही राहणार नव्हतं. नसता दिला तर कुणाला कळलं असतं? साहेबांना कळवायचं नव्हतंच. पण मी हो म्हटलं होतं, आणि पुठ्ठ्यावर माझ्या गावाचं नाव आहे.

शुक्रवारी सांदणं केली, आठ. नोट चंदेरी कागदात गुंडाळून तळाशी ठेवली, बसने सल्वाला गेले. फिलू आदल्या दिवशीच गेली होती. दार शेजारच्या साहेबांनी स्वतः उघडलं. इतक्या वर्षांत त्यांना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. उंच, पांढरी दाढी, घरभर खोकी. त्यांनी भांडं ओळखलं. उभ्या उभ्या एक सांदण खाल्लं, मग बोटांनी तळ चाचपला आणि कागद सोडला. नोटेकडे बघत राहिले. घेणार नाहीत असं वाटलं. माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण तिसऱ्या देशाने काही बोलायचं नसतं. त्यांनी नोट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून एकदा खोकले.

पलीकडे आता कुणीतरी दुसरं राहतं. लहान मुलांचा आवाज येत होता.

त्यांनी उरलेली सांदणं कागदात काढली, भांडं स्वतः विसळलं आणि स्वयंपाकघराची सगळी कपाटं उघडून पाहिली. सगळी रिकामी होती. साखरेचा दाणा नव्हता. ते भांडं माझ्या हातात देऊन हातानेच खूण केली, की आता तुमचं. बसमध्ये मी ते मांडीवर घेऊन बसले. आत काही नव्हतं.

आता नोंद करते. नीट काढायचा प्रयत्न करते.

सांदणं, नग आठ. दिनार, नग एक. शेजारच्या साहेबांच्या हाती दिला, त्यांनी घेतला. दोनशे चाळीस पूर्ण फिटले.